शीतलबाबांनी बांधलेला घाम

शीतलबाबांनी धाकटीच्या कपाळावर पांढरा लेप लावला, काहीतरी पुटपुटले, खांद्यावरच्या जाड शालीचं टोक आशीर्वादासारखं तिच्या तोंडावरून, मानेवरून फिरवलं आणि मग कोरा रुमाल तिच्या कपाळावर दाबला. कानामागे दाबला, मानेला टेकवला आणि वर धरून सगळ्यांना दाखवला. रुमाल ठणठणीत कोरडा होता.

इस्त्रीच्या हॉलमधल्या बायका बघतच राहिल्या. बाहेर ऊन मी म्हणत होतं. आत वाफेच्या इस्त्र्या फुसफुसत होत्या आणि भिंतीला पाठ टेकली तरी चटका बसत होता. त्या भट्टीत एका बाईच्या कपाळावर घामाचा टिपूस नाही, म्हणजे नवलच होतं. बाबांनी दुसरा रुमाल शेजारच्या मावशींच्या मानेवर टेकवला. तो पिळला असता तर जमीन भिजली असती.

"घाम म्हणजे काय?" बाबांनी विचारलं आणि कुणी उत्तर द्यायच्या आत स्वतःच सांगून टाकलं. "देहातल्या अग्नीचं रडणं. अग्नी मोकाट सुटला की रडतो. आम्ही त्याला बांधतो. बांधला की गप्प."

"अगदी बरोबर," मुकादम म्हणाला. मुकादमाला बाबांचं सगळंच अगदी बरोबर वाटायचं, कारण बाबांना त्यानंच आणलं होतं.

अग्नी रडतो कसा आणि त्याला बांधतात कशानं, हा प्रश्न थोरलीच्या मनात आला. तिनं तो विचारला नाही. ती आणि धाकटी सख्ख्या जावा, एकाच घरातून एकाच दारानं कामाला येणाऱ्या, आणि आज या तमाशाच्या मधोमध तिची धाकटी जाऊ उभी होती. तिचा चेहरा असा फुलला होता की थोरलीला तोंड उघडवेना.

धाकटीला मुळातच घाम फार. आणि या धुलाईखान्यात घामाइतका मोठा गुन्हा दुसरा नव्हता. इथं हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या पांढऱ्या चादरी येत. धुवून, पिळून त्या इस्त्रीच्या हॉलमध्ये आल्या की बायकांनी त्यांच्यावर गरम इस्त्री फिरवायची आणि घड्या घालायच्या. त्यावर कपाळावरचा एखादा थेंब पडला आणि वरून इस्त्री फिरली की पिवळा डाग उमटलाच. ती चादर परत धुवायला जाई आणि बाई मुकादमासमोर. धाकटीचं नाव मुकादमानं 'गळका नळ' ठेवलं होतं. आणखी एक चादर परत आली तर उद्यापासून येऊ नकोस, असंही तो तिला सांगून चुकला होता. दोघींच्या कामावर घर चालत होतं. एकीचं गेलं असतं तर दुसरीच्या एकटीनं ते रेटलं नसतं.

हवा आली असती तर घाम कमी झाला असता, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण खिडक्या उघडल्या तर धूळ येते म्हणून त्या बंद. पंखे लावले तर चादरी उडतात म्हणून तेही बंद. मागं कधीतरी काही चादरी गायब झाल्या होत्या, म्हणून दाराला कुलूप आणि चावी मुकादमाच्या कमरेला. पाण्याचा नळ आणि संडास अंगणापलीकडे. जायचं तर चावी मागायची, आणि मुकादम सगळ्यांना ऐकू जाईल असा विचारायचा, "परत?" त्या एका शब्दाला भिऊन बायका सकाळी घोटभर पाणी पिऊन येत आणि दिवसभर ओठ चाटत बसत.

बाबांनी नेमकं हेच हेरलं असावं. लेप लावून झाल्यावर त्यांनी बोट वर केलं.

"पण नियम पाळायचा. लेप लागला की दिवस मावळेपर्यंत पाण्याला शिवायचं नाही. पाणी आत गेलं की बांध फुटला. आणि एकीचा फुटला की सगळ्यांचा सैल होतो, हे ध्यानात ठेवा."

बायकांनी माना डोलावल्या. पाणी मिळत नव्हतंच, आता ते न पिण्याचं पुण्यही मिळणार होतं. थोरलीला मात्र या शेवटच्या वाक्यानं अस्वस्थ वाटलं. एकीचा फुटला की सगळ्यांचा सैल होतो, म्हणजे कुणावर काही बेतलं तर दोष बाबांचा कधीच नसणार. तो कुठल्या तरी बाईचा असणार.

दुसऱ्या दिवसापासून लेपाची वाटी दाराशीच आली. मुकादम दाराआड उभा राहून एकेकीच्या कपाळाला आणि तळहातांना लेप फासायचा आणि मग आत सोडायचा. नको म्हणायची सोय नव्हती. थोरलीच्याही कपाळाला लेप लागला आणि ती चपापली. खरंच गार वाटत होतं. कपाळावर कुणी बर्फ धरावा तसं. तळहातही कोरडे पडले. ती इस्त्री फिरवत राहिली आणि मनात स्वतःवरच चिडत राहिली. हा बाबा लबाड आहे असं तिचं डोकं म्हणत होतं, आणि त्याच डोक्यावरचं कपाळ बाबांच्या बाजूनं साक्ष देत होतं.

लेपाचा गारवा जेवणाच्या सुट्टीपर्यंत ओसरायचा. तहान तेवढी चढत जायची.

थोरली पाणी प्यायची. एक छोटी बाटली ती कपड्यांच्या गाठोड्यात लपवून आणायची आणि चादरींच्या ढिगाआड खाली वाकून घोट घ्यायची. चोरी केल्यासारखं वाटायचं तिला, आणि त्याचाच राग यायचा. स्वतःच्या घशात स्वतःचं पाणी घालायलाही लपावं लागत होतं.

धाकटीनं मात्र नियम काटेकोर पाळला. घरी आली की ती स्वयंपाकघराच्या फरशीवर आडवी व्हायची. डोकं ठणकायचं, पोटऱ्यांत गोळे यायचे. एकदा तर पाणी प्यायली आणि सगळं उलटून पडलं.

"लघवीला जातेस का नीट?" थोरलीनं तिच्या पोटऱ्या चोळत विचारलं.

"होते थोडी. पिवळीजर्द." धाकटीनं डोळे मिटले. "ताई, तुला माहितेय? लेप लावायला लागल्यापासून माझी एकही चादर परत आली नाही."

"चादर नाही आली, पण तू परत येशील का, ते बघ. उद्या माझ्या बाटलीतलं घोटभर पी."

धाकटीनं डोळे उघडले. "म्हणजे तू पितेस? म्हणून काल मावशींच्या चादरीवर डाग पडला तर." ती रागानं नाही, घाबरून बोलली. "कुणाला सांगणार नाही मी. पण मला नको देऊस. माझं काम गेलं तर घरी काय तोंड दाखवू?"

थोरली विचार करत राहिली. मुकादमाला सांगावं तर तो बाबांचा. घरी सांगावं तर धाकट्या दिराला आपल्या बायकोचं कोण कौतुक, तिच्या कपाळाचा रुमाल म्हणे सगळ्या धुलाईखान्यात गाजतोय. कामावर जाऊ नकोस म्हणावं तर तेच जाण्याची भीती. कुठूनही निघालं तरी वाट भिंतीलाच येऊन थांबत होती.

शेवटी सुट्टीच्या दिवशी ती सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. धाकटी यायला तयार नव्हती, म्हणून हिनंच सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं आणि चष्मा टेबलावर ठेवला.

"लेप कशाचा आहे, त्याबद्दल मला शंका आहे. पण तो हातात आल्याशिवाय मी बोलणार नाही. तोवर लेपाचं सोडा, ते पाणी बंद करणं फार वाईट. घाम आला की अंग थंड होतं, आणि घाम यायला पाणी लागतं. पोटऱ्यांत गोळे, डोकेदुखी, उलटी ही पहिली हाक आहे. तेव्हाच सावलीत बसवून मीठ-साखरेचं पाणी थोडं थोडं पाजायचं."

"आणि नाही ऐकलं तर?"

"तर उष्माघात होईल. अंग तव्यासारखं तापतं, माणूस असंबद्ध बोलतो, झोकांड्या खातो. पुष्कळदा घाम पार थांबतो, पण कुणाकुणाचा चालूही असतो, त्यावर विसंबू नका. त्यावेळी थांबायचं नाही. ओल्या कापडात गुंडाळा, जोरात वारा घाला, काखेत आणि मानेला गार पाणी लावा आणि दवाखान्यात आणा. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी ओतू नका, श्वासनळीत जाईल. बाहेरून गार करा."

थोरलीनं परत येताना ते मनात घोकलं. घरी आल्यावर धाकटीला सांगितलं, दिराला सांगितलं. दीर हसून म्हणाला, "वहिनी, डॉक्टरांना दुसरं काय सुचणार? लोक आजारी पडले नाहीत तर त्यांचं कसं व्हायचं?"

मग तो दिवस उजाडला. सकाळपासूनच वारा पडला होता. एका मोठ्या हॉटेलाच्या चादरींचे ढीग छताला लागले होते आणि बॉयलर जरा जास्तच पेटवला होता. दुपारच्या सुमारास थोरलीचं धाकटीकडे लक्ष गेलं. ती तीच चादर परत परत घडी घालत होती. घातलेली घडी उलगडायची आणि पुन्हा घालायची.

"अगं, झाली ती. ठेव."

"आई, दिवा विझव ना," धाकटी म्हणाली. "डोळ्यांवर येतोय."

दिवा कुठंच नव्हता. थोरलीनं पुढं होऊन तिच्या मानेला हात लावला आणि झटकन मागं घेतला. मान इस्त्रीच्या पट्टीसारखी तापली होती, आणि कोरडी. पाठ कोरडी, काखा कोरड्या.

त्याच वेळी मुकादम बाबांना घेऊन आत आला. बाबा आज लेपाचं फळ बघायला आले होते. मुकादमानं दाराला आतून कुलूप लावलं, धाकटीकडे बघितलं आणि त्याचे डोळे चमकले.

"बाबा, हिला बघा. सकाळचा लेप कधीच उतरलाय, तरी गळ्यापर्यंत कोरडी."

बाबांनी धाकटीच्या गालाला बोट लावलं. त्यांच्याही बोटाला चटका बसला असणार, पण माणूस सराईत होता. "पूर्ण बांध," ते हळूच म्हणाले. "हजारात एखाद्यालाच साधतं. बायांनो, दर्शन घ्या हिचं."

दोघीतिघींनी खरंच हात जोडले. धाकटी त्यांच्याकडे बघून ओळख नसल्यासारखी हसली, तिचे पाय लटपटले आणि ती चादरींच्या ढिगावर कोसळली.

"कुणी हात लावू नका," बाबा म्हणाले. "समाधी लागलीय. पाण्याचा थेंबही लागता कामा नये."

थोरलीचं भान सुटलं. नंतर तिला कुणी विचारलं की एवढं धैर्य आलं कुठून, तर ती म्हणायची, धैर्य कसलं, मी घाबरून वेडी झाले होते. ती दाराजवळ धावली आणि पिळून नुकत्याच आलेल्या ओल्या चादरींचा भारा ओढत आणला. त्यातल्या चादरी तिनं धाकटीच्या अंगाभोवती गुंडाळल्या. गाठोड्यातली बाटली काढली आणि सगळं पाणी तिच्या मानेवर, काखांत ओतलं.

"मावशी, उशीचे अभ्रे घ्या आणि वारा घाला. सगळ्याजणी घाला. जोरात."

मावशी क्षणभर बाबांकडे बघत राहिल्या. मग त्यांनी अभ्रा उचलला.

"हॉटेलच्या चादरी आहेत त्या," मुकादम ओरडला.

"असू देत. दार उघडा. हिला दवाखान्यात न्यायचंय."

"दार उघडलं तर बांध फुटेल," बाबा म्हणाले, "आणि ही बाई जाईल. मुकादम, तुमच्यावर येईल मग."

मुकादमाचा हात चावीवर होता आणि तिथंच थिजला होता. त्याच्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या, नाकाच्या शेंड्यावरून थेंब पडत होते. थोरलीनं ते बघितलं.

"मुकादम, तुम्ही केबिनमध्ये पाणी पिता," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, रडवेला होता. "आम्ही सगळ्याजणी बघतो. पिता म्हणून तुम्हाला घाम येतोय, आणि घाम येतोय म्हणून तुम्ही उभे आहात. ही आडवी झालीय. चावी द्या."

मुकादमानं बाबांकडे बघितलं, धाकटीच्या कोरड्या, लाल चेहऱ्याकडे बघितलं, आणि कुलूप काढलं. चादरी पोचवायच्या गाडीतूनच तिला नेलं. वाटेत थोरली नळावरून भरून घेतलेल्या बादलीतलं पाणी तिच्यावर शिंपडत राहिली आणि एक बाई वारा घालत राहिली.

धाकटी वाचली. पण डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, मूत्रपिंडांना धक्का बसलाय, आता कितीतरी दिवस गरमीचं काम नाही. ज्या कामासाठी तिनं तहान मारली होती, ते काम तर गेलंच. रुग्णालयात तिच्या वरच्या ओठावर पहिल्यांदा घामाचे बारीक थेंब उमटले तेव्हा थोरली खाटेशी बसून हमसून हमसून रडली.

इकडे बाबांनी दुसराच सूर लावला. थोरली चोरून पाणी प्यायली म्हणून बांध फुटला, तरी लेपाच्या पुण्याईनं बाई वाचली, असं ते सांगत फिरू लागले. पुष्कळांना ते पटतही होतं. धुलाईखान्याचा मालक मात्र घाबरला होता. उद्या आणखी कुणी पडलं तर काय, म्हणून त्यानं डॉक्टरीणबाईंना बोलावलं. बाबाही आले, न बोलावता, आणि आल्या आल्या शालीच्या टोकानं घामाघूम बायकांना आशीर्वाद देत फिरले. धाकटी दिराच्या आधारानं येऊन खुर्चीवर बसली. तिला कुणी या म्हटलं नव्हतं, पण तिलाच यायचं होतं.

डॉक्टरीणबाईंनी अंगणात टेबल मांडलं. न्हावी दाढीनंतर गालावर फिरवतो ती तुरटी त्यांनी सगळ्यांसमोर कुटली, त्यात दुकानातून आणलेलं पुदिन्याचं फूल, म्हणजे पेपरमिंटचे गार खडे, टाकलं, थोडी खडूची भुकटी घातली आणि पाण्यात कालवलं. मग मुकादमाकडून बाबांच्या लेपाची वाटी मागून घेतली. बायकांचे डोळे बांधले आणि एका हाताला हा, दुसऱ्या हाताला तो लावला.

"सांगा, बाबांचा कुठला?"

कुणी उजवा म्हणालं, कुणी डावा. मावशी म्हणाल्या, दोन्ही. मुकादमानं बराच वास घेऊन डॉक्टरीणबाईंनी कालवलेला लेप बाबांचा म्हणून ओळखला, आणि बायकांना हसू आवरेना.

"पुदिन्याचं फूल कातडीला गार वाटायला लावतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी मावशींच्या काखेत तापमापक ठेवून पारा दाखवला, कपाळाला लेप लावला आणि थोड्या वेळानं तापमापक झटकून, पुन्हा ठेवून पारा दाखवला. "गार वाटतंय ना? पण पारा पुन्हा तेवढाच चढलाय. आतली गरमी तेवढीच आहे. तुरटीनं लावलेल्या जागेवरचा घाम थोडा कमी होतो, बाकी अंग घामेजतंच. उरलासुरला घाम टिपायला ही शाल आहे."

त्यांनी बाबांच्या खांद्यावरच्या शालीचं टोक धरून पिळलं. बायकांचा टिपलेला घाम टपकला.

"आशीर्वाद देताना हे टोक तोंडावरून फिरतं आणि मग रुमाल लागतो. रुमाल कोरडा निघाला नाही तरच नवल."

बाबांनी शाल ओढून घेतली. "विज्ञानाला जे दिसतं तेवढंच दिसतं," ते म्हणाले. अंगणातून बाहेर पडता पडता ते धाकटीच्या खुर्चीपाशी थांबले आणि मान हलवून हळहळले. "बाई, तुझी श्रद्धा कमी पडली."

धाकटीचा आवाज अजून नीट फुटत नव्हता. पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"श्रद्धा भरपूर होती, बाबा," ती म्हणाली. "पाणी कमी पडलं."

बाबा गेले. कुठं गेले कुणाला ठाऊक नाही, पण असा माणूस रिकामा बसत नाही. दुसऱ्या गावात, दुसऱ्या बंद दारामागं तो आज कुणाच्या तरी कपाळाला लेप लावत असेल. म्हणून एवढंच सांगायचं. उन्हाळ्यात घाम येतो तो येऊ द्या, अंग स्वतःला वाचवत असतं. तहान लागायची वाट न बघता पाणी प्या, आणि कामावर ते हक्कानं मागा. कुणी तापलं, बरळायला लागलं, तर चमत्कार समजून हात जोडू नका, तेच हात ओलं फडकं गुंडाळायला आणि वारा घालायला लावा, आणि दवाखाना गाठा. आणि पाणी पिऊ नका असं कुणी सांगितलं, तर तो स्वतः काय पितो, ते आधी बघा.